विमानाच्या पंख्याला वंगण कुठे लागते?



या आठवड्यात ठिबकच्या फिल्टरबद्दल लिहायचे ठरवले होते. पण सोलापूर जिल्ह्यातल्या एका वाचक मुलीचे पत्र आले आणि ठिबक पुढच्या खेपेला ढकलले. मुलगी अकरावीत आहे. २०१८ आणि २०१९ साली पुण्याच्या हवामानशास्त्र संस्थेने सोलापुरात ढगांचे प्रयोग केले, तेव्हा तिच्या गावावरून विमाने जात. आजोबा तिला अंगणात नेऊन दाखवायचे. पाऊस पडला की नाही हे तिला आठवत नाही, पण विमानाच्या नाकाडाशी फिरणारे पंखे आठवतात. आता घरच्या ट्रॅक्टरला ग्रीस मारायचे काम तिच्याकडे आहे. ती विचारते, "काका, विमानाच्या पंख्यालाही असेच ग्रीस मारतात का? कुठे मारतात? आणि मुलीला हे काम शिकता येते का? यावरून आमच्या घरात रोज वाद चालू आहे."

मी उमेदीची वर्षे विमानांच्या दुरुस्तीत घालवली, हे जुन्या वाचकांना ठाऊक आहे. पण त्यावर इथे कधी लिहिले नाही. शेतकऱ्याला विमानाचे काय, असे वाटे. पत्र वाचल्यावर वाटले, सांगावे.

आपल्याला वंगण म्हटले की बैलगाडी आठवते. गाडीला वंगणाचा नळा टांगलेला असे. आखाला वंगण कमी पडले की चाक करकरायचे, आणि माजघरात बसलेली म्हातारी त्या करकरीवरून सांगायची की अमक्याची गाडी आली. म्हणून आपला समज असा की जे गरगर फिरते तिथे वंगण. विमानाच्या पंख्याचे तसे नाही. पंखा ज्या दांड्यावर फिरतो, तो इंजिनाचाच क्रँकशाफ्ट किंवा गिअरमधून आलेला दांडा. त्याला इंजिनातले तेल मिळते, बाहेरून ग्रीस मारायचा प्रश्नच नाही. आणि लहान शिकाऊ विमानांचा पंखा बहुधा एकसंध ॲल्युमिनियमचा किंवा लाकडाचा असतो. त्यात हलणारा भागच नसतो, त्यामुळे त्याला ग्रीसचा ठिपकासुद्धा लागत नाही. पुसायचा, तपासायचा, बोल्ट बघायचे, इतकेच.

मग ग्रीस लागते कुठे? ज्या पंख्याची पाती आपल्या मुळाशी वळतात, तिथे.

हे समजायला नांगर डोळ्यांपुढे आणा. फाळ खोल घातला की बैल जड चालतात, पण माती पुष्कळ उलटते. उथळ घातला की बैल भराभर चालतात. पंख्याचे पाते हवेत तसेच घुसते. विमान धावपट्टीवरून उठताना इंजिनाला पूर्ण वेगाने फिरू द्यायचे असते, म्हणून पाते उथळ ठेवतात. वर गेल्यावर, वेग आल्यावर, पाते जास्त तिरपे करून हवेचा मोठा घास घ्यायचा. एकसंध पंख्यात हा कोन कारखान्यातच कायमचा ठरलेला असतो, म्हणजे एकाच खोलीवर बांधलेला नांगर. मोठ्या विमानात उडता उडता कोन बदलता येतो.

तो बदलतो कोण? जुन्या ऑइल इंजिनावर गोळ्यांचा गव्हर्नर तुम्ही पाहिला असेल. वेग वाढला की गोळे बाहेर फाकतात आणि डिझेल कमी होते. विमानाच्या गव्हर्नरातही तसलीच वजने फाकतात, फक्त ती डिझेलऐवजी तेलाची वाट उघडतात. इंजिनाचे तेल दाबाने पंख्याच्या तुंब्यात जाते, तिथला पिस्टन सरकतो आणि पाती मुळाशी वळतात. वैमानिकाने एकदा वेग ठरवून दिला की गव्हर्नर पाती कमीजास्त वळवून तो राखतो.

आता ओझे बघा. चार माणसांच्या लहान विमानाचा पंखा साधारण सहा फुटांहून थोडा जास्त व्यासाचा. तो मिनिटाला २,७०० फेरे घेतो, तेव्हा त्याच्या पात्याचे टोक ताशी साडेनऊशे किलोमीटरच्या पुढे पळत असते. विमान स्वतः ताशी दोनशेच्या आसपास चालले असेल, पण पात्याचे टोक आवाजाच्या वेगाच्या जवळ पोचलेले. गोफणीतला दगड जसा बाहेर ओढतो, तसे पाते तुंब्यातून निसटायला बघते. ही ओढ एकेका पात्यावर दहा टनांहूनही जास्त भरते. उसाच्या भरल्या पाच-सहा बैलगाड्या एका पात्याला टांगल्या, असे समजा. एवढी ओढ सोसत पात्याचे मूळ बेअरिंगवर थोडेथोडेच वळते, कधी चार अंश इकडे, कधी दहा तिकडे. चाकासारखे पुरते फिरत नाही, म्हणून तेच तेच छर्रे त्याच त्या जागी घासतात. तिथे ग्रीस लागते. शिवाय ते ग्रीस पाण्याला आत येऊ देत नाही, आणि माझ्या मते त्याचे मोठे काम हेच.

ग्रीस मारायची रीत मात्र ट्रॅक्टरपेक्षा वेगळी आहे. बऱ्याच प्रकारांत प्रत्येक पात्याच्या मुळाशी तुंब्यावर दोन निपल असतात. त्यांतला एक काढून भोक मोकळे करायचे आणि दुसऱ्या निपलमधून हाताच्या गनने सावकाश ग्रीस भरायचे. मोकळ्या भोकातून ग्रीस डोकावले की थांबायचे. एका निपलला फार तर औंसभर, म्हणजे तीस मिलिलिटर. हवेच्या दाबावर चालणारी गन वर्ज्य. ट्रॅक्टरला आपण जुने ग्रीस बाहेर फुगेपर्यंत मारतो, कारण तिथे ते बाहेर यायला वाट असते. इथे दुसरा निपल काढला नाही तर ग्रीसला वाटच नाही. दाब वाढतो, आतले सील फुटते आणि ग्रीस पंख्याच्या पोटात शिरते.

हे मी पुस्तकातून सांगत नाही.

पंचेचाळीस वर्षांपूर्वी मी एका फ्लाइंग क्लबच्या कार्यशाळेत हाताखाली काम करत होतो. वय वीस. आमच्या हेडमिस्त्रींना सगळे अण्णा म्हणत. एका संध्याकाळी अण्णांनी मला चार आसनी विमानाच्या पंख्याला ग्रीस मारायला सांगितले. सकाळी ते विमान जाणार होते. घरी जायची घाई होती, आणि दुसरा निपल गंजून घट्ट बसलेला. दोनदा पाना लावला, हलला नाही. म्हटले, राहू दे, समोरून मारतो. गन दाबली, जड लागली. आणखी जोर केला. एकदम हलकी झाली. मला वाटले, वाट सापडली. खाली वाकून बघतो तर पात्याच्या मुळातून ग्रीसची रेघ बाहेर आलेली. फडके घेतले आणि पुसून टाकली. पाते आरशासारखे चकचकीत केले. वहीत काम झाल्याची नोंद केली, अण्णांची सही घेतली आणि सायकलवर टांग मारली.

त्या रात्री जेवण गेले नाही. आई म्हणाली, कुणाशी भांडलास का? विमान सकाळी सातला उडणार आणि आत एक शिकाऊ पोरगा असणार, माझ्याच वयाचा. पहाटे चारला उठून अण्णांचे दार वाजवले. ऐकून ते काही बोलले नाहीत. सदरा घातला, माझ्याच सायकलवर पुढे बसले आणि मला म्हणाले, "चालव."

विमान तीन दिवस जमिनीवर राहिले. पंखा उतरवून बाहेरगावी मोठ्या कार्यशाळेत पाठवावा लागला. क्लबाचे सेक्रेटरी मला काढून टाकायला निघाले होते. अण्णा त्यांना म्हणाले की सही माझी आहे, तेव्हा आधी मला काढा. माझा महिन्याचा पगार कापला गेला, नोकरी राहिली. अण्णा मला एवढेच म्हणाले, "ग्रीस सांडले त्याचे काही नाही रे, ते पुसलेस कशाला?"

कारण ती रेघ हीच तपासणाऱ्याची साक्षीदार असते. नव्या किंवा नुकत्याच उघडून जोडलेल्या पंख्यातून पहिल्या दहाएक तासांत थोडे ग्रीस झिरपते, त्यात काही विशेष नाही. त्यानंतरही रेघा येत राहिल्या तर सील गेले असे धरायचे. काही पंख्यांच्या तुंब्यात मुद्दाम लाल रंगाचे तेल भरलेले असते. कुठे केसाएवढी चीर पडली तरी बाहेर लाल ओघळ दिसावा, एवढ्यासाठी. ज्याने फडक्याने ओघळ पुसला, त्याने साक्षीदारच पळवला.

ग्रीस कोणते, हेही मनाने ठरवायचे नसते. पंख्यावरच चिठ्ठी असते, तिच्यावर लिहिले असेल तेच. ग्रीस म्हणजे तेल आणि ते धरून ठेवणारा साबण किंवा चिकणमातीसारखा पदार्थ. विमानाच्या पंख्यात पुष्कळदा मातीवाले ग्रीस असते, तर आपल्या ट्रॅक्टरचे बहुधा लिथियम साबणाचे. दोन्ही एकत्र केली तर धरून ठेवण्याची शक्तीच जाते, मिश्रण पातळ होते आणि एवढ्या ओढीखाली तेल वेगळे होऊन बाहेर पळते. दुधात लिंबू पिळल्यासारखे. तुमच्या घरीही दोन डब्यांतले उरलेसुरले ग्रीस एका गनमध्ये भरायची सवय असेल तर ती सोडा. बेअरिंगे का जातात याचा अर्धा उलगडा तिथेच होईल.

मुदतीचे म्हणाल, तर वळत्या पात्यांच्या कितीतरी पंख्यांना शंभर तास उड्डाण किंवा बारा महिने, यांतले आधी येईल तेव्हा ग्रीस. विमान कमी उडत असेल किंवा समुद्राकाठच्या खाऱ्या, दमट हवेत राहत असेल, तर सहाच महिन्यांनी. कमी वापर म्हणजे कमी देखभाल, हे आपले गणित इथे उलटे आहे. उभे यंत्र जास्त गंजते. श्रावणभर उभ्या राहिलेल्या मळणीयंत्राचे बेअरिंग आठवा.

लाकडी पंख्याची एक गंमत सांगतो. दोन पात्यांचा लाकडी पंखा असेल तर विमान उभे करताना तो आडवा ठेवतात. उभा ठेवला तर लाकडातली ओल खालच्या पात्याकडे उतरते, ते जड होते आणि पंखा थरथरतो. पावसाळ्यात लाकूड फुगते, उन्हाळ्यात आकसते, म्हणून ऋतू पालटला की बोल्टचा ताण पुन्हा तपासतात. उन्हाळ्यात चाकाची धाव ढिली पडते, ते ज्याने पाहिले आहे त्याला हे वेगळे सांगायला नको.

धातूच्या पात्याचा खरा शत्रू म्हणजे खडा. धावपट्टीवरचा खडा पात्यावर आदळला की पुढच्या धारेला टोचा पडतो. भाताच्या दाण्याएवढा. आपल्याला वाटते, एवढ्याने काय होते? पण ओढ दहा टनांची आहे, आणि ती सगळी त्या टोच्याच्या तळाशी गोळा होते. कापड फाडताना दुकानदार आधी कात्रीने जरासे कापून घेतो, मग एका झटक्यात फाडतो, तसेच हे. म्हणून उड्डाणाआधी धारेवरून हलके नख फिरवून पाहतात. टोचा सापडला तर परवानाधारक कारागीर बारीक कानशीने तो उतरता करतो. खोली असेल त्याच्या निदान दहापट लांबी. खड्ड्याचा चर करून बांध उतरता करावा, तसा. मग बारीक पॉलिश पेपर, मग चीर राहिली नाही ना हे पाहायला रंगद्रव्य लावून तपासणी. टोचा फार खोल असेल तर पाते बाद.

धुण्याचे साधे आहे. सौम्य साबण, गोडे पाणी, मऊ फडके, आणि शेवटी तेलाचा हात. तारेचा ब्रश नाही, आणि दाबाच्या पाण्याचा फवारा तुंब्यावर मुळीच नाही, कारण पाणी सीलच्या आत शिरते. ट्रॅक्टर धुताना आपण बेअरिंगवर तोच फवारा धरतो आणि मग कंपनीला नावे ठेवतो.

फवारणीच्या विमानांना याहून जास्त जपावे लागते. आपल्या देशात हिंदुस्थान एरोनॉटिक्सने शेतीसाठी 'बसंत' नावाचे विमान बनवले होते. त्याचे पहिले उड्डाण ३० मार्च १९७२ रोजी झाले, आणि १९८० पर्यंत एकोणचाळीस विमाने बनली. पिकावर औषध सोडणाऱ्या विमानाच्या पंख्यावर तेच औषध उडून बसते आणि ॲल्युमिनियम खाते. द्राक्षबागायतदार बोर्डो मिश्रण लोखंडी बादलीत का कालवत नाहीत, तेच कारण. म्हणून असा पंखा रोज धुतात, आणि त्याच्या पूर्ण उघडून तपासण्याची मुदतही कमी धरतात.

गंजाची एक खरी गोष्ट आता सांगतो, कारण अण्णांचा प्रश्न तिच्यातही आहे. २१ ऑगस्ट १९९५ रोजी अमेरिकेत अटलांटाहून गल्फपोर्टकडे एक विमान निघाले. दोन इंजिने, आत एकोणतीस माणसे. अठरा हजार फुटांवर डाव्या पंख्याच्या चार पात्यांतले एक मोडले. राहिलेला पंखा इतका हादरला की इंजिन आपल्या जागेवरून निखळून पंखाला लोंबकळले. साडेनऊ मिनिटे वैमानिक झुंजले आणि जॉर्जिया राज्यात कॅरोलटनजवळ एका शेतात विमान आपटले. आपटल्यावर बहुतेक जण जिवंत होते. मग आग लागली. कप्तान गॅनवे आणि आणखी काही प्रवासी दगावले. सहवैमानिक भयंकर भाजला, पण वाचला.

तपासात निघाले ते असे. पात्याच्या गाभ्यात एक पोकळ भोक होते. तोल साधण्यासाठी त्यात शिशाचे तंतू भरले होते आणि वर बुचाचा लाकडी गट्टू. ते बूच ब्लीच केलेले होते. त्यात राहिलेल्या क्लोरीनने ओल धरली, भोकाच्या आत गंजाचे सुईएवढे खड्डे पडले आणि खड्ड्यातून चीर चालू झाली. १९९४ साली याच जातीच्या पंख्यांची दोन पाती कॅनडात आणि ब्राझीलमध्ये मोडली होती. ती विमाने सुखरूप उतरली. त्यानंतर सगळी पाती ध्वनिलहरींनी तपासायचा हुकूम निघाला. हे पातेही तपासले गेले आणि यंत्राने ते नापास केले. दुरुस्तीला पाठवले, तिथे आत बघितले तर गंज दिसला नाही. म्हणून आतली बाजू घासून गुळगुळीत केली आणि पाते पुन्हा विमानावर चढवले. खूण गेली, चीर राहिली. चौकशी मंडळाने ठपका ठेवला तो पाते बनवणाऱ्या कंपनीच्या तपासणीवर, दुरुस्तीच्या पद्धतीवर आणि शिकवणीवर.

१० जुलै २०१७ रोजी मिसिसिपी राज्यात अमेरिकी नौसैनिकांचे मोठे मालवाहू विमान सोयाबीनच्या शेतात कोसळले आणि सोळाच्या सोळा जण गेले. तिथेही पात्यावरचा गंज २०११ च्या दुरुस्तीत काढायचा राहून गेला होता.

एक धोका राहिला, तो सांगतोच. उभ्या विमानाच्या पंख्याला हात लावू नका. लहान विमानाच्या इंजिनात ठिणगी बॅटरीतून येत नाही, मॅग्नेटोतून येते, आपल्या जुन्या लुनासारखी. बंद करायची किल्ली म्हणजे त्या मॅग्नेटोला जमिनीशी जोडणारी एक तार. ती तार तुटली असेल तर किल्ली बंद असूनही, हाताने पंखा जरा फिरवला तरी इंजिन पेट घेऊ शकते. कुठे विमान बघायला मुलांना नेलेत तर त्यांचा हात धरून ठेवा.

आणि आता पंखे आपल्या बांधावरही आले आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने पंधरा हजार महिला बचत गटांना फवारणीचे ड्रोन देण्याची योजना मंजूर केली. ज्या ताईंच्या हाती ड्रोन आहे त्यांना एवढेच सांगणे: त्याच्या पंख्यांना आणि मोटरला आपल्या मनाने ग्रीस किंवा तेल घालू नका, त्यावर धूळ आणि औषध चिकटते. फवारणी झाली की बॅटरी काढून पाती ओल्या फडक्याने पुसा. धारेला टोचा किंवा चीर दिसली तर कानशीने दुरुस्त करायचे नाही, डिंकाने चिकटवायचे नाही. ते पाते सरळ बदलायचे आणि जुने मोडून टाकायचे, नाहीतर घरातला कुणीतरी उचलून पुन्हा बसवतो.

बरे, मुली, तुझा शेवटचा प्रश्न. विमान देखभालीचे काम मुली करतात, परवाने घेतात, सह्या करतात. बारावीला भौतिक, रसायन आणि गणित हे विषय हवेत, तेव्हा अकरावीत गणित सोडू नकोस. पुढे नागरी विमान महासंचालनालयाची मान्यता असलेल्याच संस्थेत जा. जाहिरातीवर जाऊ नका, महासंचालनालयाच्या यादीत त्या संस्थेचे नाव आज आहे का, ते वडिलांनी फी भरण्याआधी स्वतः पाहावे. फी बरीच असते आणि परवान्याच्या परीक्षा वेगळ्या द्याव्या लागतात, हे घरात आधीच बोलून घ्या. आजोबांना माझा नमस्कार सांग. आणि वडिलांना विचार, ट्रॅक्टरच्या पुढच्या आखाचा डावीकडचा निपल ग्रीस घेत नाही असे तू लिहिले आहेस, तो काढून डिझेलमध्ये भिजत घातला का? नसेल तर जोर करू नकोस. नवा निपल दहा-वीस रुपयांना मिळतो.

ठिबकचा फिल्टर पुढच्या आठवड्यात.